मळ असंल

राजारामपुरीतल्या एका मोबाइलच्या दुकानात परवा एका पोरानं माझ्या फोनाच्या बुडातून दात कोरायच्या काडीनं करड्या रंगाची वात उपसली, काउंटरच्या काचेवर ठेवली आणि विचारलं, “काका, पॅन्ट धुताना खिसं उलटं करता न्हवं?”

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. चौघांनीही आधी वातीकडे बघितलं, मग माझ्या पॅन्टीकडे.

त्याआधीचे चार दिवस भराभर सांगून टाकतो. फोन चार्ज होईना. केबल एका ठरावीक कोनात वाकवून वर आमटीची वाटी पालथी घातली तर व्हायचा, वाटी हलली की बंद. एवढं ऐकून शाळेतलं पोरगंही म्हणेल की भोकात काहीतरी अडकलंय. मला तसं वाटलं नाही, कारण मला त्यातलं जास्त कळतं. मी तीन केबली बदलल्या, शेजाऱ्यांचा चार्जर मागून आणला, सेफ मोड झाला, कॅश म्हणजे फोनानं साठवलेला तात्पुरता पसारा पुसून झाला, आणि चौथ्या रात्री दात-ओठ खात फॅक्टरी रीसेट मारला. फोन कोरा करकरीत झाला आणि सकाळी वाटीखाली तसाच पडलेला सापडला. पुण्याहून पोरगा म्हणाला, “बाबा, नवीन घ्या ना.” त्याच्या पिढीचं सगळं रिपेरिंग एवढ्यात उरकतं.

मी म्हणजे, सांगायला हरकत नाही, आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत पहिला मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या वायरीतून इंटरनेट आणणारं यंत्र, बसवणारा माणूस. साल १९९९. हार्डडिस्कच्या पाठीमागचा मुंगीएवढा जंपर चिमट्यानं उचलून मी मास्टरचा स्लेव्ह केलेला आहे. साउंड कार्ड आणि मोडेम एकाच आयआरक्यूवरून, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच ओळीवरून, भांडायला लागले, तेव्हा दोघांना वेगळं बिऱ्हाड करून दिलं आहे. गल्लीत कुणाचा काँप्युटर बसला की मला बोलावणं यायचं, सर्पमित्राला येतं तसं. मी पोचेपर्यंत घरातले सगळे तसेच पाय वर घेऊन बसलेले असायचे. अशा माणसानं दुकानात उभं राहून “चार्ज होत नाही हो” म्हणायचं, हे सोपं नसतं.

दुकान जिन्याखालचं. आत पोरगा, त्याचं भिंग, गरम हवेचं मशीन, स्क्रीन गार्डचे गठ्ठे, आणि दारातल्या एकुलत्या एक स्टुलावर आबा. वय पंच्याहत्तरीचं, डोक्याला पांढरी टोपी, वरच्या खिशात रबरबँड गुंडाळलेला बटणांचा फोन. त्यांचं तिथं काम काय हे मला अर्ध्या तासानं कळलं. तोवर मी त्यांना मालक समजत होतो, कारण चहा फक्त त्यांना येत होता.

मी पोराला लक्षणं सांगायला सुरुवात केली. केबल, कोन, वाटी.

“मळ असंल,” आबा म्हणाले.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. “तर चार्जर पीडीवाला, म्हणजे जोरात चार्ज करणारा आहे, केबल बरोबर आलेली—”

“मळ असंल.”

“मळ नाही आबा. ही सी टाइपची जागा. आत चोवीस पिना असतात. चार्जर आणि फोन आधी एकमेकांशी बोलतात, पाच व्होल्ट देऊ का नऊ देऊ ते ठरवतात आणि मग जोरात चार्ज होतं. ह्याला हँडशेक म्हणतात. माझ्या फोनात तो हँडशेकच होत नाहीये.”

आबांनी बशी खाली ठेवली. “हँडशेक म्हंजे हातात हात देणं?”

“तसंच.”

“मग हात धुतल्यालं पायजेत न्हवं? मळ असंल.”

मागं दोन कॉलेजच्या पोरी फिसकन हसल्या. मी आवाज जरा खाली आणला आणि फर्मवेअर, अपडेट, रीसेट असं सगळं एकदा पोराच्या कानावर घातलं. पोरगं दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनाचा स्क्रीन शेकत होतं. ऐकत होते ते आबा.

“आमची म्हस हुती. वैरण सोडली तिनं. एक डॉक्टर म्हणला जंत, दुसरा म्हणला ताप, मेव्हणा म्हणला नदर लागली. सुया झाल्या, लिंबू झालं. मग मी तोंड उघडून बघितलं. दाढंत बाभळीचा काटा.”

“किती दिवसांनी बघितलंत?” मी कुत्सितपणे विचारलं.

“चार दिसांनी,” आबा म्हणाले. “पर तवर म्हशीला काय रिसेट न्हाई मारला.”

इतक्यात पोरानं माझा फोन हातात घेतला, उजेडाकडे धरला, काडी घातली, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. वात निघाल्यावर केबल टक्‌ करून आत बसली. हा आवाज मी कैक महिन्यांत ऐकला नव्हता. हँडशेक झाला. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त वातीवर फुंकर मारली, ती माझ्या बाजूला घरंगळत आली.

“पन्नास द्या काका.”

आता खरी गंमत. फोन कोरा, म्हणजे पैसे पाठवायचं ॲपही कोरं. ते परत घातलं, तर ते विचारणार सिम कुठलं, मग मेसेज पाठवणार, मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे मागणार; आणि कार्ड घरी कपाटात, कारण गेल्या चार वर्षांत ते लागलंच नाही. रोख पैसे बाळगायची सवय मोडलेली. माझ्या खिशात त्या वातीशिवाय काही नव्हतं.

ह्यावरून सांगतो, कारण हे मला नुसतं खुपत नाही, चावतं. स्वतःचा फोन पुसला की माणूस स्वतःच्या घरात चोर ठरतो. प्रत्येक ॲप दारात उभं करून विचारतं, तू कोण. मी यंत्र नाही हे यंत्राला पटवून द्यायला नऊ चौकोनांतून आग विझवायचे नळ शोधायचे. मी जन्मापासून कोल्हापुरात राहतो, बिंदू चौकापासून रंकाळ्यापर्यंत मला रस्त्याकडेला असला बुटका नळ एकही दिसलेला नाही. म्हैस शोधायला सांगा, मी नऊच्या नऊ बरोबर दाखवीन. आणि एवढं करून हा फोन माझा आहे का? पाठ उघडता येत नाही. २००७ च्या ऑगस्टात नोकियानं बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापू शकतात म्हणून बदलून देऊ केल्या, तेव्हा महाद्वार रोडवर लोक जागच्या जागी थांबून नखानं फोन उघडत होते आणि बॅटरीवरचा नंबर एकमेकांना वाचून दाखवत होते. घाबरले होते, पण उघडू शकत होते. आता पाठ डिंकानं चिकटवलेली. ती पोराच्या गरम हवेखाली पापडासारखी शेकल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटली की पाणी शिरतं ते वेगळंच. आत बघायचीच सोय नसेल तर मला चार दिवस फर्मवेअर सुचणार नाही तर काय सुचणार?

असो. पन्नास रुपये आबांनी दिले. बंडीच्या आतल्या खिशातून, घडी उलगडून.

माणूस उपकाराखाली आला की बढाया मारतो. मीही मारल्या. पोराला म्हटलं, “अरे, तुझ्या जन्माआधी मी इंटरनेट चालवलंय. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं ते मोठ्या शहरांत लोकांसाठी खुलं केलं. आमच्या घरात यायला चार वर्षं लागली. टेलिफोनच्या वायरीतून यायचं. कागदावर छप्पन के, हातात सेकंदाला चार किलोबाइट. पाच एमबीचं गाणं उतरवायला वीस-एकवीस मिनिटं. मध्ये लाइन तुटली की पहिल्यापासून. आणि मराठी पान उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसता चिवडा. ज्याचं पान त्याचा फॉन्ट, तो आधी उतरवायचा.”

“एका गाण्याला वीस मिण्टं?” पोराच्या डोळ्यांत आदर नव्हता, कीव होती. “मग क्यासेट का न्हाई आणायचा काका?”

ह्याला उत्तर नाही. ते तेव्हाही नव्हतं. वडील हेच विचारायचे, बिल हातात धरून.

“लाइन तुटायची ती ठरलेल्या वेळी,” मी रेटून सांगत राहिलो. “दुपारी आई झोपली की मी दोनला जोडायचो. अडीच-पावणेतीन झाले की गेलीच. दोन पावसाळे हे चाललं. मी मोडेम बदलला. विंडोज ९८ पाच वेळा नव्यानं घातलं. नंतर निष्कर्ष काढला की दुपारी अमेरिकेतले लोक झोपत असल्यामुळे तिकडची यंत्रं देखभालीला काढत असणार.” हा निष्कर्ष मी तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच जणांना सांगितला होता, आणि त्यांनी मानही डोलावली होती.

आबा स्टुलावर सरळ झाले. “घर कंच्या बाजूला म्हणायचं तुमचं?”

मी सांगितलं.

“पिपळाजवळचा खांब? डाव्या हाताला दोन मजली?”

“हो.”

“म्हंजे ती रडणारी लाइन तुमची!”

आबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तीस वर्षं खांबावर. आमच्या खांबावरच्या डब्यात दहा-बारा घरांच्या वायरींच्या जोड्या, आणि समोरच्या दवाखान्याचा फोन पावसाळ्यात रोज मरायचा. तक्रार सकाळी यायची, आबा दुपारी जेवून चढायचे. कुठली जोडी कुणाची ह्याच्या चिठ्ठ्या पावसानं गळालेल्या. मग हातातला फोन एकेका जोडीला लावून ऐकत जायचं.

“सगळ्या लाइनी गप. तुमची लावली की आतनं जे काय किंचाळायचं! मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यागत. मी दोनदा हालो हालो केलं. म्हटलं, कुणी अडकलंय का काय आत. मग वळखलं, ओल शिरलीया. काढली, वायरीची टोकं खरवडली, परत घट्ट आवळली. पाच मिण्टाचं काम.”

“रोज?”

“रोज कसं? दिसाआड.” मग चेहऱ्यावर खरंखुरं समाधान आणून, “त्याचं पैसं न्हाई घेतलं कुणाचं.”

किंचाळत होता तो माझा मोडेम. त्यावर मी दोन हजार रुपये घातले होते. एका कंपनीला इंग्रजीत तीन पानी तक्रार लिहिली होती. ब्याण्णव टक्क्यांवर मेलेली ती सगळी गाणी, एका खेळाचा बारा एमबीचा डेमो, एका मुलीला चॅटवर लिहिलेलं अर्धं वाक्य— पंचवीस वर्षं हे सगळं मी अमेरिकेच्या खात्यावर मांडून ठेवलं होतं. आणि ते पिंपळाखाली फुकट खरवडलं जात होतं.

“घरात विचारायचं तरी!” माझा आवाज चढला.

“विचारलं की. वैनी हुत्या. च्या द्यायच्या. त्या म्हणल्या, बघा बाबा, ते वराडणं कायमचं बंद हुतंय का.”

आई आता नाही, त्यामुळे उलटतपासणीची सोय नाही. पण ती दुपारी झोपलेली नसायची हे मला पन्नाशी उलटल्यावर राजारामपुरीत कळलं.

पोरगं काउंटरवर डोकं टेकून हसत होतं. मी निघालो, तर आबांनी बाही धरली. “पावणं, इंटरनेटचं कळतंय न्हवं तुमास्नी? मग माझा तेवढा हयातीचा दाखला काढा. नोव्हेंबर संपत आला. ह्या पोराला सकाळधरनं म्हणालोय, त्याला टाइम न्हाई.”

तर हे काम होतं. बायोमेट्रिकच्या मशीनवर आबांचा अंगठा उठत नाही. तीस वर्षं तारा खरवडून रेषाच राहिल्या नव्हत्या. आता चेहऱ्यावरून दाखला निघतो, पण त्याला कॅमेऱ्याचा फोन लागतो. माझा होता. रिकामाही होता. पन्नास रुपयांचं देणंही होतं.

पोराच्या वायफायवर दोन ॲप मिनिटभरात उतरली. मी आबांकडे बघितलं नाही. दाखला काढणारा मी, म्हणून ॲपनं आधी माझाच चेहरा मागितला. पहिल्यांदा मीच हयात ठरलो. मग आबांचं आधार, पेन्शनचा नंबर, त्यांच्या रबरबँडवाल्या फोनावर आलेला ओटीपी. आबांनी तो फळ्यावर लिहिल्यासारखा एकेक आकडा खणखणीत वाचला, आणि तो सगळ्या दुकानानं ऐकला. आत उजेड पुरेना, म्हणून आम्ही फूटपाथवर आलो. टोपी काढायला लावली. “आता डोळे मिटा-उघडा आबा.” आबांनी एक डोळा मिटला. “दोन्ही.” त्यांनी दोन्ही मिटले आणि मिटूनच ठेवले. “उघडा की!” जाता-जाता कुणीतरी ओरडलं, “आबा, रील काढालाय व्हय?”

पाचव्या खेपेला चेहरा पास झाला. पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, आणि खाली लाल अक्षरांत ओळ आली.

“काय म्हणतंय? हाय का मी?” आबांनी विचारलं.

“लाइन तुटली.”

आबांनी मान वर केली. समोरच्या खांबावर केबलींची काळी भेंडोळी लोंबत होती. त्यांनी ती खालपासून वरपर्यंत नीट बघितली, टोपी घडी करून खिशात घातली आणि दुकानात वाकून म्हणाले,

“शिडी हाय काय रं?”