ते तण नाही, अ‍ॅस्परॅगस आहे!

अलॉटमेंटचं, म्हणजे इथे इंग्लंडात भाजी पिकवायला भाड्याने घेतलेल्या जमिनीचं, पत्र आलं आज. पाहणीत माझा प्लॉट नापास. "लागवड अपुरी, तण हाताबाहेर गेलेले, मुदतीत सुधारणा न दिसल्यास करार रद्द." सोबत पुरावा म्हणून फोटो, त्यावर लाल गोल. आणि त्या लाल गोलात काय आहे? माझा अ‍ॅस्परॅगसचा, कोवळे कोंब खायच्या भाजीचा, वाफा! खाली सूचना, "हे उंच गवत स्ट्रिमरने त्वरित कापावे."

गवत कापायच्या यंत्राने कापावे! जुलै महिन्यात! अहो, जून सरला की अ‍ॅस्परॅगसचे कोंब तोडणं थांबवायचं आणि पाला वाढू द्यायचा असतो. शेपूसारखा झुपकेदार पाला, छातीपर्यंत येतो. तोच उन्हाळाभर मुळांना पोसतो, म्हणून पुढच्या वसंतात बोटाएवढे कोंब मिळतात. शरदात पिवळा पडला की मगच कापायचा. वाफा नवीन लावला तर पहिली दोन वर्षं एक कोंबसुद्धा तोडायचा नाही, इतकी कळ काढावी लागते. मग तो वीसेक वर्षं देत राहतो. ज्या माणसाला अ‍ॅस्परॅगस ओळखता येत नाही त्याच्या हातात भाजीच्या जमिनीची पाहणी कुणी दिली? आणि तो आत तरी आला होता का? फोटो सरळ सरळ वाटेवरून काढलाय. फाटक उघडून चार पावलं चालला असता तर वाफ्याच्या टोकाला मी लावलेली पाटी दिसली असती, ठळक अक्षरांत. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं इथेही आहेतच.

माझ्या आधीच्या भाडेकरूला असं एकही पत्र गेलं नव्हतं, हे मला अलॉटमेंटच्या समितीतल्याच माणसाने सांगितलंय. वर्षानुवर्षं त्याने पाऊल टाकलं नाही. ब्रॅम्बलच्या काटेरी वेली शेडच्या दारातून आत शिरून खिडकीतून बाहेर आल्या, बाइंडवीड या वेलीसारख्या तणाने ब्लॅककरंटची झुडपं पार गुंडाळून टाकली, तोवर सगळे डोळे मिटून होते. मी प्लॉट घेतला आणि यांना एकदम कायदा आठवला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

कायद्याचंच बोलायचं तर 1922 च्या अलॉटमेंट कायद्यात व्याख्याच अशी आहे की जमीन मुख्यतः स्वतःच्या आणि घरच्यांच्या खाण्यासाठी भाजी किंवा फळं पिकवायला वापरलेली हवी. मग अ‍ॅस्परॅगस काय आहे? आंबट देठांचं रुबार्ब काय आहे? रास्पबेरीच्या दोन रांगा मी काउच ग्रास नावाच्या चिवट गवतातून हाताने सोडवून काढल्या, त्या लागवडीत धरल्याच नाहीत, का तर "आधीपासून होत्या". वा! आणि उरलेल्या भागावर तण मारायला काळं प्लास्टिक अंथरलं तर ती "पडीक जमीन". झाकलं तरी गुन्हा, उघडं ठेवलं तरी गुन्हा.

पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या इंग्रजी मापाने दहा रॉड, आपले अडीच गुंठे. त्यावर ट्रॅक्टर नाही, बैल नाही, मजूर नाही, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार, तोही पाऊस नसेल तर. ज्यांनी लहानपणी आजोळी हराळी उपटली आहे त्यांना काउच ग्रास म्हणजे काय ते सांगायला नको. गवत वेगळं, पण तशीच चिवट, पांढरी टोकदार मुळं, बटाट्यातून आरपार जातात. अ‍ॅस्परॅगसच्या मुळ्या वरच्यावर पसरलेल्या, म्हणून त्या वाफ्यात कुदळ चालवता येत नाही. गुडघ्यावर बसून एकेक धागा बोटांनी ओढायचा. मी तेच करत होते, आणि हे म्हणतात स्ट्रिमर फिरवा!

आणि ते गालिचे! ही कुणाची अक्कल, तण दाबायला घरातले जुने गालिचे आणून टाकायची? वर मातीचा थर बसलाय, त्यातून गवत उगवलंय, खाली प्लास्टिकचे दोरे. फावडं घालावं तर चिंध्या निघतात, जोडीला काचांचे तुकडे. तो कचरा उचलायला समिती येत नाही. "प्लॉट आहे तसा स्वीकारला आहे" म्हणे. मग मी आहे तसा स्वीकारला तर तुम्ही तो आहे तसा का नाही स्वीकारत?

सल्ले देणारे वेगळेच. शेजारच्या प्लॉटवाल्याची लाकडी वाफ्यांची आखीवरेखीव रांग आहे, मध्ये खडीची वाट, एक पान इकडचं तिकडे नाही. मला अशा बागांची चीडच येते. तो रोज कुंपणावरून एकच सांगतो, "सगळं उपटून टाक आणि रोटाव्हेटर फिरव." त्या कोपऱ्यात हॉर्सटेल हे चिवट तण आहे! त्याची मुळं दोन-दोन मीटर खोल जातात, आणि वरच्या मुळांचे तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याचं नवीन रोप होतं. बाइंडवीडचंही तेच, काउच ग्रासचंही तेच. एक दुपार रोटाव्हेटर फिरवायचा आणि पुढची दहा वर्षं भोगायचं.

घरून फोन येतो तो निराळा. आत्या म्हणते, "एवढं शिकून इंग्लंडात जाऊन खुरपंच धरलंस का गं?" हो आत्या, धरलं, आणि सोडणार नाही.

उत्तर लिहायला घेतलंय. अ‍ॅस्परॅगसच्या फांद्यांवरच्या बारीक हिरव्या फळांचे जवळून काढलेले फोटो जोडतेय, गालिच्यांच्या ढिगाऱ्याचेही जोडतेय आणि पाहणी पुन्हा करा अशी लेखी मागणी करतेय. या वेळी मी हजर असताना, फाटकाच्या आत येऊन. आणि तोवर त्या वाफ्याजवळ कुणी स्ट्रिमर घेऊन आलं तर मी आडवी उभी राहीन, मग समितीने खुशाल दुसरं पत्र पाठवावं.