सकाळी आखडलेले हात आणि ‘सोंग ओळखण्याच्या सात खुणा’

आषाढात निपाणीच्या एका नातेवाइकांनी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर पाठवला. ‘सांधेदुखीचे सोंग ओळखण्याच्या सात खुणा’ असे त्याचे शीर्षक होते आणि खाली ‘एका अनुभवी वैद्यांचा सल्ला’ एवढेच लिहिले होते. वैद्यांना नाव नव्हते, गावही नव्हते. बेळगावात वडगावच्या आमच्या घरी सासूबाईंनी तो चष्मा लावून मोठ्याने वाचला. माझी धाकटी जाऊ तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिला चार वर्षांपासून आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार आहे. तिने सगळे ऐकले, काही बोलली नाही आणि त्या रविवारपासून आपली गोळी घेणे बंद केले. हे आम्हाला कळले पाच आठवड्यांनी, एका पहाटे ती माझ्या दाराशी येऊन “अक्का, मूठ वळंना” एवढेच म्हणाली तेव्हा. हा मजकूर आपल्यापैकी अनेकांकडे फिरून गेला असणार, म्हणून त्याला उत्तर देत आहे.

पहिली खूण अशी : ‘खरे दुखणे रोज सारखे असते, आज आहे आणि उद्या नाही, ते सोंग.’ या आजाराबद्दल याहून उलटे विधान करणे अवघड आहे. आमवातात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, आणि हा हल्ला एका पट्टीत चालत नाही. तो भडकतो, ओसरतो, कधी आठवडाभर टिकतो, कधी महिनाभर गप्प बसतो. या चढउताराकडे सोंग म्हणून न पाहता खूण म्हणून पाहिल्यामुळे वैद्यकशास्त्राचे केवढे भले झाले, ते सांगते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील डॉ. फिलिप हेंच यांना १९२९ मध्ये असे दिसले की आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि तेवढ्या काळापुरते त्याचे सांधे दुखायचे जवळजवळ थांबले. पुढे गरोदर स्त्रियांमध्येही आजार असाच ओसरताना दिसला. ‘काविळीत दुखत नाही, म्हणजे एरवी दुखणे खोटे’ असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही; आजार आवरणारे काहीतरी द्रव्य शरीरातच तयार होत असले पाहिजे, असे त्यांनी मानले आणि मेयोतलेच रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांच्या साथीने जवळजवळ वीस वर्षे त्याचा माग काढला. सप्टेंबर १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला त्यांनी ते द्रव्य, म्हणजे कॉर्टिझोन, टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ राइखश्टाइन या तिघांना मिळाले ते याच कामासाठी. आमच्या निनावी वैद्यांच्या कसोटीवर मात्र ती रुग्ण पहिल्याच दिवशी नापास झाली असती.

(तिचे वय २९ होते, हे लक्षात असू द्यावे, चौथ्या खुणेचे उत्तर त्यातच आहे.)

दुसरी खूण मला सर्वांत विषारी वाटते, कारण ती घरातल्या माणसांना एकमेकांवर पाळत ठेवायला शिकवते. मजकुरात शब्द असे आहेत : ‘सकाळी कामाच्या वेळी हात दुखतात आणि संध्याकाळी बाहेर जाताना दुखत नाहीत, तर समजून जा.’ हे वाक्य आमच्या घरात नवे नव्हते. गेल्या वर्षी गणपतीत जाऊबाईंना सकाळी मोदकांची पारी करता आली नाही, आणि रात्री त्या मुलांना घेऊन देखावे बघायला कपिलेश्वरपर्यंत चालत गेल्या. तेव्हा ‘लाटायला हात नाहीत, हिंडायला पाय आहेत’ असे कोणी म्हणाले होते, आणि ते कोणी म्हणजे मीच होते. ते आता परत घेता येत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की सकाळी वाईट आणि दुपारनंतर बरे, हीच या आजाराची ओळख आहे. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९८७ मध्ये आमवाताचे जे सात निकष ठरवले, त्यांतला पहिलाच निकष ‘सकाळी निदान एक तास सांधे आखडलेले राहणे’ हा होता. त्यामागचे कारणही ठाऊक आहे. सूज वाढवणारे इंटरल्यूकिन-६ नावाचे द्रव्य या रुग्णांच्या रक्तात रात्रीच्या उत्तरार्धात वाढत जाते आणि पहाटे शिगेला पोचते. त्याला आवर घालणारे शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल त्या वेळी पुरे पडत नाही, आणि दिवस चढतो तसा हा जोर ओसरतो. जाऊबाईंची सकाळ मी आता जवळून पाहते. नळ त्या बोटांनी नाही, मनगटाच्या कडेने ढकलून उघडतात; तांब्या दोन्ही तळहातांत दाबून उचलतात; डब्याचे झाकण माझ्यापुढे मुकाट्याने सरकवतात. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसल्या की बऱ्याच वेळाने बोटे एकेक करून सुटतात. दुपारी चार वाजता त्याच बाई भाजी चिरत असतात आणि बघणाऱ्याला सकाळ खोटी वाटते.

सासूबाईंना हे पटत नव्हते, आणि त्याला कारणही होते. त्यांचेही गुडघे दुखतात, अगदी खरे दुखतात. पण तो झिजेचा संधिवात आहे. त्यात सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो आणि दिवसभर वावरल्यावर, जिने चढल्यावर संध्याकाळी ठणका लागतो. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांवरून सुनेची बोटे मोजली आणि हिशेब जुळेना, म्हणून सुनेला खोटे ठरवले. मजकूर लिहिणाऱ्यानेही बहुधा हेच केले आहे. दोन निरनिराळ्या आजारांना आपण एकच नाव देतो, त्याचा हा परिणाम आहे.

तिसरी खूण : ‘रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार नाही.’ अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये मिळून जे निकष ठरवले, त्यांत १० पैकी ६ गुण झाले की आमवात धरतात. किती आणि कोणते सांधे धरले याला जास्तीत जास्त ५ गुण, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्यांना ३, ईएसआर किंवा सीआरपी (रक्तातून सूज मोजणाऱ्या तपासण्या) वाढलेले असेल तर १ आणि त्रास सहा आठवडे टिकला असेल तर १. आता बेरीज करून पाहावी. लहान सांध्यांसह दहांहून अधिक सांधे धरलेले असतील आणि सहा आठवडे उलटले असतील, तर रक्ताच्या साऱ्या तपासण्या नॉर्मल असतानाही सहा गुण होतात. अर्थात निदान एका सांध्याला डॉक्टरांच्या बोटांना जाणवेल अशी सूज हवी आणि तिचे दुसरे कारण सापडलेले नसावे. म्हणजेच हात हातात घेऊन पाहावा लागतो. जाऊबाईंचा आरए फॅक्टर पहिल्यांदा निगेटिव्ह आला आणि पुढचे दीड वर्ष केवळ वेदनाशामक गोळ्यांवर गेले. त्यात आपल्याकडची आणखी एक अडचण आहे. दवाखान्यात कन्नडमधून सांगावे लागते आणि घाईत आठवतात ते दोनच शब्द, ‘कै नोवु’, म्हणजे हात दुखतो. ‘सकाळी दोन तास मूठ वळत नाही’ हे वाक्य त्या रांगेत कन्नडमध्ये सुचत नाही, आणि निदान तर त्याच वाक्यात असते. आम्ही शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी बोटे किती वाजता सुटली ते लिहू लागलो. तो कागद पुढे केल्यावर भाषेची गरज फारशी उरली नाही.

चौथी खूण वयाची, म्हणजे तरुण वयात सांधे दुखतात ते सोंग; तिचे उत्तर वर, त्या २९ वर्षांच्या रुग्णात आले आहे. पाचवी, ‘आजीच्या काळी हा आजार नव्हता, पाव-बिस्किटांनी आणला’. माधवनिदान या जुन्या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा कोणती बेकरी होती, ते वैद्यांनीच सांगावे.

सहाव्या खुणेत आंबट, वांगे, बटाटा बंद करा आणि पावसात अनवाणी फिरू नका, असा सल्ला आहे. ते करूनही दुखत असेल तर सोंग, असे पुढे आहे. पावसाचे थोडे मान्य करावे लागेल, जरी या मजकुरातले काही मान्य करणे जिवावर येते. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाने अडीच हजारांवर रुग्णांच्या रोजच्या नोंदींवरून केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की दमट, वाऱ्याच्या आणि हवेचा दाब उतरलेल्या दिवशी दुखणे काहीसे वाढते. बेळगावचा पावसाळा ज्याने काढला आहे, त्याला हे नवल वाटणार नाही. पण हवेने दुखणे वाढते आणि हवेमुळे आजार होतो, ही दोन वेगळी विधाने आहेत. आंबटाचे तर तेवढेही खरे नाही. धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतो हे मात्र पक्के ठाऊक असूनही या यादीत कैरी आहे, दही आहे, विडी नाही. आणि मजकूर आला तो तंबाखूच्या निपाणीहून.

सातवी खूण म्हणजे खूण नव्हेच, सरळ उपद्रव आहे. ‘डॉक्टर कॅन्सरची गोळी देतात, ती बंद करा आणि चाळीस दिवस मेथीदाणे खा, खरा आजार असेल तर बरा होईल.’ ही गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. ती कॅन्सरमध्ये वापरतात, हे खरे आहे. परंतु तिथली मात्रा फार मोठी असते. आमवातात ती आठवड्यातून एकदाच, थोड्या मिलिग्रॅमची असते, सोबत फॉलिक ॲसिड देतात आणि ठरावीक काळाने रक्त आणि यकृत तपासतात. मळमळ होते, गरोदरपणात ती चालत नाही आणि चुकून रोज घेतली तर ती जिवावर बेतू शकते, म्हणून आमच्याकडे पाकिटावर ठळक अक्षरांत ‘रविवार’ लिहिलेले आहे. एवढी काळजी घ्यावी लागते, कारण ती काम करते. वेदनाशामक गोळी दुखणे तासाभरात कमी करते, पण आत हाडाची झीज चालूच राहते आणि एकदा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. मेथीदाण्यांबद्दल माझी तक्रार नाही, लाडवात मलाही आवडतात. घरोघरी मिळणाऱ्या ‘रामबाण’ पुड्यांबद्दल आहे, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत.

जाऊबाईंनी गोळी का सोडली, हे मी विचारले. चाळीस दिवस मेथी खाऊन बरे वाटले असते तर आजार खरा होता हे सगळ्यांना पटले असते, असे त्या म्हणाल्या. मला यावर काही बोलता आले नाही. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आहे. तिचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणजे दसरा उजाडेल. तोवर सकाळच्या भाकऱ्या माझ्याकडे आणि संध्याकाळचे जेवण त्यांच्याकडे, अशी वाटणी केली आहे. कॅलेंडरवर काल ‘पावणेअकरा’ लिहिले होते, आज ‘साडेदहा’ आहे.