आवाजाला पायऱ्या नसतात

संगणकावरून संगीत ऐकणाऱ्या आणि खोलीत पाच-सात स्पीकर मांडून बसणाऱ्या मंडळींमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात चार गोष्टी असतात. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, म्हणून १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे १ लाख ९२ हजार नमुने) आणि २४ बिट (प्रत्येक नमुना मोजायची बारकाई) हवंच. साध्या यूएसबी केबलने आवाज कोरडा होतो. बाहेरून अचूक क्लॉक, म्हणजे नमुन्यांचा वेग राखणारं घड्याळ, जोडल्याशिवाय डॅक (डिजिटल डेटाचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण) अपुरा. आणि स्पीकर कितीही असोत, शेवटी ऑटो करेक्शन (मायक्रोफोनने खोली मोजून आवाज आपोआप दुरुस्त करणारी सोय) चालवलं की खोलीचं सगळं निस्तरतं. यातलं बरंचसं मीही एकेकाळी मानत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पायऱ्या. सॉफ्टवेअरमध्ये खूप झूम केल्यावर जिन्यासारखं जे चित्र दिसतं, ते फक्त पडद्यावरचं चित्र असतं. फाइलमध्ये असतात नुसते बिंदू, म्हणजे आवाजाचे नमुने. त्यांच्यातून लहर परत उभी करायचं काम डॅकमधला फिल्टर करतो आणि बाहेर पडते ती सलग लहर. ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून कुणीही पाहावं. सॅम्पलिंग दराच्या (सेकंदाला किती नमुने, त्याच्या) निम्म्याखालच्या फ्रिक्वेन्सींचा सिग्नल या बिंदूंमधून पूर्ण परत मिळतो, हे गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४९ साली मांडलं. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला ही मर्यादा २२.०५ येते, आणि माणसाचा कान तरुणपणीही साधारण २० ला थांबतो. १९२ घेतलं तर वर ९६ पर्यंत जागा मिळते, एवढंच. जे ऐकू येतं ते त्याने आणखी गुळगुळीत होत नाही, कारण ते आधीच गुळगुळीत आहे.

बिटचंही तसंच. बिट वाढले की तळाचा खरखराट खाली जातो: १६ बिटला सर्वांत मोठ्या आवाजाच्या सुमारे ९६ डेसिबल खाली, २४ ला कागदावर १४४. पण उत्तम डॅकसुद्धा १२०-१३० च्या फारसे पलीकडे जात नाहीत. रेकॉर्डिंग करताना २४ बिट जरूर वापरा, लेव्हलला मोकळीक मिळते. तयार मिक्स ऐकायला मात्र १६ पुरतात.

आता चाचण्यांबद्दल. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ साली हाय-रेझोल्यूशन (सीडीपेक्षा जास्त दर-बिटांच्या) डिस्कचा आवाज सीडीच्या दर्जातून फिरवून लोकांना फरक ओळखायला लावला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणेफेकच. संशोधक जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा अनेक प्रयोगांची एकत्र बेरीज केली, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. प्रशिक्षित कानांचं प्रमाण थोडं जास्त होतं. तेव्हा फरक अगदी शून्य आहे असा हट्ट मी धरणार नाही. पण मेसेजमधला 'पडदा सरकल्यासारखा' फरक तो हा नव्हे. स्वतः तपासायचं असेल तर एकाच फाइलची दोन रूपं स्वतः बनवा, कारण दुकानातली हाय-रेझ आवृत्ती पुष्कळदा वेगळ्याच मास्टरवरून, म्हणजे वेगळ्या अंतिम मूळ प्रतीवरून, आलेली असते. दोन्हींची लेव्हल ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. नाहीतर जे किंचित मोठं वाजतं तेच आपल्याला गोड लागतं.

केबलवर फार लिहायची गरज नाही. डेटा बिघडला तर टिकटिक होते किंवा आवाज तुटतो; तो कोरडा किंवा ओलसर होत नाही. केबलमधून ग्राउंडची गुणगुण मात्र येऊ शकते. त्यावर उपाय यूएसबी आयसोलेटर (दोन उपकरणांमधला थेट विद्युत संबंध तोडणारा जोड) किंवा बॅलन्स्ड जोडणी (दोन उलट सिग्नल पाठवून गुणगुण रद्द करणारी).

क्लॉकच्या मुद्द्यात गंमत आहे, कारण तो अर्धा खरा आहे. आजच्या बहुतेक यूएसबी डॅकमध्ये वेग डॅकचं स्वतःचं क्लॉक ठरवतं आणि संगणक त्याच्या मागणीप्रमाणे डेटा पुरवतो. तिथे बाहेरचं क्लॉक जोडून हाती काही लागत नाही. पण मल्टिचॅनलसाठी (अनेक स्पीकरना वेगवेगळा आवाज देण्यासाठी) दोन स्वतंत्र डॅक एकत्र करायचा मोह होतो, आणि तिथे क्लॉक खरंच नडतं. दोघांत दहा लाखांत ५० इतका फरक असला तर मिनिटाला ३ मिलिसेकंद घसरतात. तेवढ्या वेळात आवाज मीटरभर जातो. म्हणजे गाणं निम्म्यावर येईपर्यंत मागचे स्पीकर भिंतीपलीकडे सरकल्यासारखे होतात. मी हा उद्योग करून पाहिलाय. आठ आउटपुटचा एकच इंटरफेस (संगणकाला जोडायचं साउंड उपकरण) घ्यावा किंवा दोघांना एकाच वर्ड क्लॉकवर, म्हणजे सामायिक घड्याळावर, बांधावं.

उरली खोली, आणि खरं काम इथेच असतं. खोली ४.३ मीटर लांब असेल तर लांबीच्या दिशेने सुमारे ४० हर्ट्झला लहर उभी राहते आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तिचा दाब जवळजवळ शून्य होतो. तुमची खुर्ची तिथेच असेल तर ४० हर्ट्झचा खर्ज गायब. करेक्शन तो खड्डा भरायला १० डेसिबल वाढवतं, त्यासाठी अँप्लिफायरला दहापट शक्ती लागते, आणि खड्डा तसाच राहतो, कारण थेट लहर वाढली तशी तिला मारणारी परतलेली लहरही वाढली. खुर्ची दोन हात मागे घ्या, मग मोजा. फुगलेले उंचवटे कापायला करेक्शन छान आहे. खड्ड्यांपुढे ते हतबल आहे.

त्याआधी मोजायची फीत घ्या. पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे ११०च्या आसपास ठेवा, सगळे कानापासून सारख्या अंतरावर. जमत नसेल तर जवळच्या स्पीकरला दर मीटरमागे २.९ मिलिसेकंद उशीर द्या. मग पिंक नॉइज (खर्जापासून तारेपर्यंत सगळीकडे सारखी ताकद असलेला खरखराट) लावून एकेकाची लेव्हल जुळवा.

आणि ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मधला तो '.१'. तो म्हणजे एलएफई, फक्त खोल खर्जाचा चॅनल. हा चॅनल ऐकताना १० डेसिबल वर वाजेल या गृहीतावर मिक्स होतो. संगणकावरून स्वतः राउटिंग (कोणता चॅनल कुठल्या स्पीकरला, हे ठरवणं) केलं तर ही वाढ आपल्यालाच द्यावी लागते. मी ती दिली नव्हती, आणि दोन वर्षं सबवूफरला नावं ठेवत होतो.