काळा खरवस

परवा रात्री माझाच फोटो साताऱ्याच्या मावशीकडून मला परत आला. फोटोत मी म्हणजे अर्धा कान आणि एक गुडघा, बाकी सगळं माझ्या पिकअपचं उघडं पडलेलं इंजिन. खाली ओळ, 'शिकलेली माणसं गाड्या अशी ठेवतात.' मावशीने विचारलंय, हा कान तुझाच ना रे? कोणी काढला ते मला चांगलं माहितीये.

गाडीचं थोडक्यात सांगतो. पुण्यात धायरीत माझी छोटी नर्सरी आहे, कुंड्या आणि मातीच्या गोण्या वाहायला जुना डिझेल पिकअप घेतला. आधीचा मालक हौशी. मोठा टर्बो बसवलेला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, ट्यूनिंग केलेलं, हॉर्न असा की म्हशी रस्ता सोडून शेतात जातील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असले बदल परस्पर करायचे नसतात हे मला पैसे दिल्यावर कळलं. कात्रजच्या घाटात भरलेली गाडी मस्त ओढायची म्हणून मी पण गप्प बसलो, खोटं कशाला बोलू. मग गेल्या आठवड्यात राजाराम पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये ऑइलचा लाल दिवा लागला, तो अल्लाउद्दीनच्या चिरागासारखा दिसतो तो. राक्षस आला तो थेट गॅरेजमध्ये, बिलाच्या रूपाने.

मिस्त्रीने टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उचललं तर आत व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर दिसेचनात. सगळ्यावर बिघडून घट्ट झालेल्या ऑइलचा काळा, थुलथुलीत थर, सुरीने वड्या पाडाव्यात असा. मिस्त्री काहीच बोलला नाही, पोराला म्हणाला चहा सांग. डॉक्टर रिपोर्ट बघून चहा सांगायला लागला की समजून जायचं.

आणि इथे काका आले. वय सत्तरच्या पुढे, स्कूटरमध्ये हवा भरायला आलेले, हेल्मेट डोक्यावर तसंच. मला वाटलं बघून जातील. ते दोन तास थांबले.

"हे काय केलंत?" काका म्हणाले. जणू मी बसून भरलंय.

"मी नाही, आधीच्या मालकाने..."

"प्रत्येकजण हेच म्हणतो." मग त्यांनी बोट घातलं. सरळ आत. चिमटीत धरून चोळलं, नाकाला लावलं, आणि पोरगी बघायला आल्यासारखी मान हलवली. "बेरी आहे ही. तूप जास्त कढवलं की खाली बसते ती. कॉलेज कुठलं तुमचं?"

आता कॉलेजचा काय संबंध? पण मी सांगितलं. अशा वेळी माणूस का उत्तर देतो कोण जाणे.

"तरीच," काका म्हणाले.

मग त्यांचा उपाय. अर्धा लिटर रॉकेल ओता, पाच मिनिटं इंजिन चालवा, सगळं वितळून खाली येतं, आमच्या वेळी असंच करायचे. मिस्त्री पहिल्यांदा बोलला, "वितळून नाय येत काका, गोळे सुटून येतात, आणि ते जाऊन बसतात चेंबरमधल्या जाळीत, खाली ऑइल साठतं ना, तिथल्या. जाळी आधीच निम्मी बुजलीय, म्हणून तर दिवा लागला. ऑइल वर चढत नाय आणि टर्बोचं बेअरिंग कोरडं फिरतं."

काकांवर काही परिणाम नाही. त्यांनी ऑइल बघायची पट्टी, डिपस्टिक, ओढली, "काळं ऑइल! काळं झालं की बदलायचं असतं!" मिस्त्री म्हणाला डिझेलला नवीन ऑइल पण चार दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम, रंगावर नाही तर किलोमीटरवर आणि वापरावर जायचं. काका म्हणाले, "म्हणजे काळंच ना."

खरं दुखणं वेगळंच निघालं. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून जळका गॅस थोडा खाली चेंबरमध्ये उतरतोच, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवला की जास्त उतरतो. तो बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते. आमच्या हौशी मालकाला त्या नळीतून ऑइलचे थेंब पडलेले आवडेनात म्हणून त्याने तिच्यात बोल्ट ठोकून दिला. बोल्ट! पार्किंगची फरशी स्वच्छ राहावी म्हणून. मग गॅस आत, वाफ आत, काजळी आत, वर माझी सिंहगड रोडची रोजची तासभर रांगणारी फेरी, ऑइल नीट तापत पण नाही आणि निवत पण नाही. प्रेशर कोंडलं की टर्बोचं ऑइल पण खाली परतेना, ते हवेच्या पाइपात शिरून तो आतून तुळतुळीत. म्हणजे हॉर्नला, लाइटला, आरशामागच्या स्टिकरला पैसे होते आणि साध्या ब्रीदरला नव्हते, आणि भरायचे मी. नाना पेठेत गॅस्केट शोधत दोन फेऱ्या मारल्या तेव्हा प्रत्येक दुकानात तो बोल्ट डोळ्यासमोर.

नर्सरी म्हटल्यावर काका एकदम मऊ झाले. "माझ्या जास्वंदीवर पांढरी कीड पडलीये, काही आहे का?" मी, मूर्खासारखा, पाणी, निमतेल, दोन थेंब साबण, संध्याकाळी फवारा, सगळं समजावलं. फुकट. तेवढ्यात मिस्त्रीच्या पोराने चेंबर खाली घेतला, आणि काकांनी डिकीतून श्रीखंडाचा रिकामा डबा काढला.

"हे टाकून देणार ना? चौकटीला वाळवी लागलीये. द्या जरा."

माझ्या सव्वीस हजारांचा गाळ पोराने उलथण्याने त्या डब्यात भरून दिला, काका वर "झाकणापर्यंत भर" म्हणाले. जाताना मोबाईल काढून इंजिनकडे धरला. मला वाटलं वाळवीसाठी आठवण म्हणून.

आज सकाळी नर्सरीच्या फाटकात तीच स्कूटर. फोटोचा विषय नाही. डबा पुरला नाही, मागच्या दाराची चौकट राहिलीये, पुढचं सर्व्हिसिंग कधी, आणि ते निमतेल द्या एक बाटली, ओळखीत किती?

ऐंशीची बाटली होती. ऐंशीच घेतले. सुट्टे नाहीत म्हणून वीस रुपये परत दिले नाहीत, त्याची कोथिंबीर दिली, कालची.