गुरुवार आयुष्यभर केले, गुरू भेटला बुधवारी

आई गेली चाळीस वर्षं गुरुवार करते. गुरू मात्र तिला भेटला बुधवारी, तोही केंब्रिजात. अंगात माझं जॅकेट, वर तिची शाल, डोक्याला माकडटोपी.

२०१५चा फेब्रुवारी होता. तिथल्या विद्यापीठाची खगोलसंस्था ऑक्टोबर ते मार्च दर बुधवारी सगळ्यांसाठी उघडी. फुकट. सव्वासातला अर्ध्या तासाचं व्याख्यान, मग आभाळ मोकळं असेल तर दुर्बिणी. ढग असले तरी व्याख्यान होतंच. त्याआधीचे तीन बुधवार मी नुसती व्याख्यानं ऐकून घरी आलो होतो. (इंग्लंडचं आभाळ, दुसरं काय!)

तिथली नॉर्थम्बरलंड दुर्बीण १८३०च्या दशकातली, भिंग जवळजवळ १२ इंची. १८४६च्या ऑगस्टात केंब्रिजच्याच जेम्स चॅलिस या खगोलशास्त्रज्ञाने हिच्यातूनच, तोवर कुणाला न सापडलेला नेपच्यून दोनदा टिपला, पण नोंदी वेळेवर ताडून पाहिल्या नाहीत. सप्टेंबरात बर्लिनच्या गाल्लेने तो शोधला. आपल्याच घरची ही फजिती दुर्बिणीपाशी उभा असलेला विद्यार्थी रंगवून सांगत होता.

आई पायऱ्या चढली, एक डोळा तळहाताने झाकला. "काळंच दिसतंय रे." पोराने खुणेनेच जरा मागे व्हायला सांगितलं. मग, "अगं बाई! एवढासाच? आणि हे ओळीत ठिपके कसले?" गुरूचे चंद्र, म्हटलं. ती हलेचना. मागे दहा-पंधरा माणसं थंडीत ताटकळलेली, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

आता आपल्याकडचं. मध्यंतरी एका कॉलेजात 'आकाशदर्शन सोहळा' होता. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण. पाहुण्यांचे दुर्बिणीसोबत फोटो होईपर्यंत चंद्रकोर झाडांना टेकली. मग शाळेची पोरं, प्रत्येकी पाच सेकंद, "चला, पुढे चला!" देवळातली दर्शनबारी बरी.

हौशी मंडळी वर्षानुवर्षं राबतायत, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४पासून. विज्ञान दिनाला पुण्याच्याच आयुका या खगोलसंस्थेत जत्रा लोटते. माझं भांडण विद्यापीठांशी आणि कॉलेजांशी आहे. दुर्बीण असते, पण ग्रहण किंवा धूमकेतू आला की तेवढ्यापुरती कव्हरातून बाहेर येते.

आणि हे आपल्याला नवीन नाही. १८८८च्या सुमारास पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रा. नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. दुर्बीण २० इंची, केंब्रिजच्या त्या दुर्बिणीपेक्षा थोरली. १९१२ला नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद, दुर्बीण कोडाईकनालला. सगळा कारभार एका माणसाच्या जिवावर असला की असंच होतं.

मागणं फार नाही. एक गच्ची, आठवड्याचा ठरलेला एक वार, दोन उत्साही विद्यार्थी. पाहुणे नकोत, हार नकोत. पावसाळ्यात सुट्टी घ्या. एरवी ढग आले तर चहा पिऊन घरी जाऊ, पण पुढच्या आठवड्यात दार उघडं असेल याची खात्री हवी.

वार कुठलाही चालेल. आई म्हणते, गुरुवार तेवढा सोडा, उपवासाच्या पोटी गारठ्यात उभं राहवत नाही.