होतकरू राज्यकर्त्यांस चार हिताच्या गोष्टी

आपल्या हाती राज्य येण्याची शक्यता फारशी नसली, तरी तयारी असलेली बरी. आणि राज्य हाती येताच पहिला साक्षात्कार खजिना रिकामा असल्याचाच होतो, हे गृहीत धरून ती करावी. अशा वेळी उघडपणे कर वाढवण्याचा अडाणीपणा करू नये. कराचे नाव काढताच जो माणूस कनवटीची गाठ घट्ट करतो, तोच दानपेटीपुढे ती आपणहून सोडतो, हे कौटिल्याने केव्हाच ओळखले होते. रातोरात एखादी देवता प्रकट करून तिथे यात्रा भरवावी, विहिरीत अनेक फण्यांचा नाग दाखवून पैसे घ्यावेत, असे उपाय ‘अर्थशास्त्रा’त खजिना भरण्याच्या प्रकरणात अत्यंत गंभीरपणे सांगितले आहेत. ज्यांचा विश्वास बसणार नाही त्यांच्या आचमनाच्या पाण्यात विष मिसळावे आणि हा देवतेचा शाप असल्याचे सांगावे, अशीही तरतूद तिथे आहे. (या कलमाबाबत आपण थोडे सौम्य राहिलात तरी चालेल.)

व्यवहार मोठा असेल, तर मात्र सावकार सोबत घ्यावा. जर्मनीतील ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्टला माग्देबुर्गचे आर्चबिशपपद असतानाच १५१४ मध्ये माइन्त्सचेही हवे होते, त्यासाठी रोमला मोठी रक्कम द्यायची होती, आणि ती त्याने फुगर पेढीकडून कर्जाऊ घेतली. फेडीची सोय पोपने करून दिली: आल्ब्रेख्टच्या मुलखात पापमुक्तिपत्रे विकावीत, निम्मे उत्पन्न रोमला आणि निम्मे कर्जखाती जमा व्हावे. भाविकांना सांगण्यात आले की, हा पैसा सेंट पीटरच्या मंदिराच्या उभारणीसाठी आहे. पत्रे विकणाऱ्या धर्मोपदेशकाबरोबर पेढीचा माणूसही हिंडत असे, कारण श्रद्धा कितीही दृढ असली तरी रोजचा हिशेब रोज पाहिलेला बरा. या सुरळीत व्यवस्थेत १५१७ मध्ये ल्यूथर नावाच्या एका प्राध्यापकाने खोडा घातला. तेव्हा प्राध्यापकांवर नजर ठेवावी.

आता कधीकधी धर्मसंस्थाच आपल्याहून श्रीमंत होते. तसे झाल्यास आपल्याला तिच्यातील दोष एकाएकी दिसू लागले पाहिजेत. चीनच्या थांग घराण्यातील सम्राट वूत्सोंगला ते ८४५ मध्ये दिसले आणि बौद्ध विहारांतील ब्राँझच्या मूर्ती वितळवून त्यांची नाणी पाडण्यात आली. पण खरे कसब आठव्या हेन्रीचे. त्याने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधील मठ बरखास्त केले आणि त्यांच्या जमिनी बऱ्याच अंशी विकून टाकल्या. पुढे त्याचीच मुलगी मेरी हिने देश पुन्हा पोपच्या छत्राखाली आणला, तेव्हा प्रार्थना बदलल्या, पाद्री बदलले, परंतु जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्यांच्याच राहिल्या. त्या त्यांच्याकडून मागू नयेत, हे १५५४ मध्ये पोपलाही मान्य करावे लागले. म्हणून आपले धोरण टिकावे असे वाटत असेल, तर ते लोकांच्या मनात रुजवण्याच्या खटपटीत न पडता खरेदीखतात रुजवावे.

शेवटी दयेविषयी, कारण कधीतरी दयाही दाखवावी लागते. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. ती मालकांना मिळाली. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश सरकारने २०१५ मध्ये फेडला. भरपाई घेणाऱ्यांत ख्रिस्ताचा संदेश पसरवणारी अँग्लिकन चर्चची एक संस्थाही होती. बार्बाडोसमधील तिच्या मळ्यांवरील गुलामांच्या छातीवर एके काळी ‘सोसायटी’ असा डाग दिला जाई. ४११ माणसांपोटी तिला ८,८२३ पौंड मिळाले. त्या माणसांना स्वातंत्र्य एकदम पेलवणार नाही, अशी काळजी सरकारला वाटल्याने, शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली त्यांना १८३८ पर्यंत जुन्याच मालकांकडे राबावे लागले. आपणही कुणाला मुक्त करणार असाल, तर अशा काळजीसाठी एक स्वतंत्र खाते आधीच उघडून ठेवावे.