पेरणीच्या आधीचं काम

‘जीएम नको म्हणजे नको,’ असं आमचे धाकटे काका फोनवर ठासून सांगतात. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेली पिकं. इंदूरजवळ देपालपूरकडे त्यांची सोयाबीन-गव्हाची शेती आहे आणि त्यांचा राग पोकळ नाही. खाली निमाडात बीटी कापसावर, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसावर, गुलाबी बोंडअळी पुन्हा आलेली त्यांनी पाहिली आहे. बियाण्याची पाकिटं दरवर्षी विकत घ्यावी लागतात, हेही खरंच. पण या रागात एक निराळंच काम भरडलं जातंय.

मी इंग्लंडमध्ये नॉर्विचला जवावर संशोधन करते. हिरव्या ओंबीतल्या दाण्यातून जेमतेम दोन मिलिमीटरचा भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली काढायचा, त्याचा कोंबाचा भाग खुडायचा आणि त्यावर अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा थेंब सोडायचा. हा मातीतला जिवाणू झाडाच्या जखमेतून स्वतःची जनुकं आत घुसवतो. आम्ही त्याच्याकरवी आम्हाला हवं ते जनुक पाठवतो. मग पेशींच्या गाठी काही आठवडे अंधारात वाढवायच्या, नंतर उजेडात कोंब फुटतात. ही रोपं विकण्यासाठी नसतातच. अमुक जनुक बंद केलं तर रोग जास्त लागतो का, मूळ खोल जातं का, एवढं तपासण्यासाठी असतात.

इंग्लंडमध्ये आजही जीएम पीक बाजारासाठी पेरलं जात नाही. विरोधही कडवा होता. १९९९ मध्ये याच नॉरफक परगण्यात ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या लोकांनी जीएम मक्याचं प्रायोगिक शेत आडवं केलं, आणि पुढच्या वर्षी नॉर्विचच्याच कोर्टात ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. तरी संशोधन बंद पडलं नाही. २०१२ मध्ये रोथॅमस्टेड या इंग्लंडमधल्या शेती संशोधन संस्थेने माव्याला पळवून लावणारा गहू उघड्या शेतात लावला. प्रयोगशाळेत मावा पळाला होता, शेतात हलला नाही. २०१५ मध्ये त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. इथलं मला सगळ्यात जास्त पटलेलं हेच.

आपल्याकडे २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. २०२४ मध्ये जीएम मोहरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. राष्ट्रीय धोरण हवं, एवढ्यावर मात्र झालं. भांडण सगळं पेरायचं की नाही याचं. त्याआधी काय शिकायचं, याबद्दल कुणी बोलत नाही.

इंदूरला असं शिकणं नवं नाही. १९२४ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकरांच्या इंदुरात वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली. ‘इंदूर पद्धती’चं कंपोस्ट तिथलंच. सेंद्रिय शेतीवाले त्यांना गुरू मानतात, आणि तेच हॉवर्ड त्याआधी बिहारमधल्या पुसाला गव्हाचे नवे वाण तयार करत होते! आज सोयाबीनची राष्ट्रीय संस्था शहरातच आहे, गव्हाचं केंद्रही आहे.

सोयाबीनमध्ये जनुक घालणं अवघड आणि यश वाणागणिक बदलतं. परदेशात बसवलेली पद्धत माळव्याच्या वाणांवर चालेलच असं नाही, म्हणून ती इंदूरलाच बसवायला हवी: सरकारी पैशातून, बंदिस्त हरितगृहात, फसलेले प्रयोगही लोकांना कळतील अशा भाषेत सांगत. बियाण्याची मालकी कुणाची, भाव काय, यावर काकांनी जरूर भांडावं, मीही त्यांच्या बाजूने भांडेन. पण पिवळा मोझॅक हा सोयाबीनची पानं पिवळी पाडणारा विषाणूरोग आला की एका वाणाचं शेत जातं आणि शेजारच्याचं का तगतं, हे शोधायला त्यांचा विरोध नसावा.